तिऱ्हाइताचा पहारा

व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला विषय दिला तो ‘महासत्तांच्या स्पर्धेच्या काळातील आंतरराष्ट्रीय सहकार्य व शांतता’ हा. विषय एवढा मोठा आहे की, त्यात संयुक्त राष्ट्रसंघ मावतो, अणुबाँब मावतो आणि वक्ता जपून नसेल तर श्रोत्यांची झोपही मावते. म्हणून आम्ही तो लहान करून घेतला आहे. एक देश, एक छावणी, एकशेवीस दिवस, आणि त्या छावणीच्या फाटकाची जबाबदारी ज्याच्यावर होती तो एक मराठी सेनापती, एवढेच आज सांगणार आहोत. देश कोरिया, साल १९५३-५४, आणि सेनापती मेजर जनरल शंकरराव थोरात.

हरसूलसारख्या गावी कोरियाची कथा कशाला, असे कोणी विचारील. आम्हांला उलट वाटते. हे गाव जुन्या पेठ संस्थानातले. येथून काही कोसांवर गुजराथची हद्द लागते. १ मे १९६० रोजी ती हद्द ठरली, तत्पूर्वी डांगची बोली मराठी की गुजराती यावर विद्वानांनी पुष्कळ शाई खर्च केली, आणि एवढे होऊनही ह्या हद्दीवर कधी काटेरी तार घालावी लागली नाही. सोयरिका चालू राहिल्या, बाजार चालू राहिले. असेच एका भाषेचे, एका रक्ताचे लोक एका रेघेच्या दोन्ही बाजूंना राहतात आणि सत्तर वर्षांनंतरही एकमेकांच्या घरी जाऊ शकत नाहीत, हे समजून घ्यायला हरसूलकर अधिक पात्र आहेत असे आम्ही मानतो.

आपल्या भाषेत दोघांच्या भांडणात पडणाऱ्या माणसाला एक नाव नाही, अनेक आहेत. मध्यस्थ बोलणी जुळवतो. पंच निवाडा देतो. जामीन शब्द पाळला जाईल याची हमी घेतो. राखणदार वादातली वस्तू सांभाळतो. आणि ज्याचा काहीच संबंध नाही तो तिऱ्हाईत. ही नावे वेगळी आहेत कारण कामे वेगळी आहेत. एका माणसाने दोन कामे अंगावर घेतली की घोटाळा होतो हे आपल्या जुन्या लोकांना ठाऊक असावे. कोरियात भारताच्या अंगावर ही जवळजवळ सगळी कामे एकदम आली.

परंतु आधी घरचे उदाहरण घेऊ. १७७५ च्या मार्चमध्ये राघोबादादाने सुरतेला इंग्रजांशी तह केला आणि मराठे व इंग्रज यांच्यात सात वर्षांचे युद्ध लागले. त्या काळचे जगही दोन महासत्तांत वाटलेले होते. इंग्लंड आणि फ्रान्स अमेरिकेत लढत होते, समुद्रावर लढत होते, आणि पुण्यास फ्रेंचांचा वकील येऊन बसला की मुंबईकर इंग्रजांच्या पोटात गोळा उठत असे. अखेर १७ मे १७८२ रोजी ग्वाल्हेरजवळ सालबाई येथे तह झाला. तो घडवून आणला महादजी शिंद्यांनी, आणि दोन्ही पक्षांनी तह पाळावा म्हणून जामीन राहिले तेही महादजीच. पेशव्यांचा सरदार पेशव्यांचा आणि इंग्रजांचा जामीन होतो, ही गोष्ट नाना फडणिसांना रुचली नव्हती. तहावर पुण्याची मान्यता पडायला पुढचे साल उजाडले.

महादजींचा जामीन चालला तो का? एक तर त्यांच्यापाशी फौज होती. दुसरे असे की, त्यांच्याविषयी शत्रूला एक अनुभव होता. १७७९ च्या जानेवारीत वडगाव मावळात इंग्रज फौज कोंडली गेली, तहनामा झाला, आणि दोन इंग्रज अधिकारी ओलीस म्हणून महादजींच्या ताब्यात राहिले. त्यांना त्यांनी नीट वागविले आणि पुढे सोडूनही दिले. हा हिशोब इंग्रज विसरले नाहीत. भडोच महादजींना मिळाले ते ह्या सौजन्याच्या नावाने. अर्थात भडोच मिळाले म्हणजे जामीन निःस्पृह नव्हता हेही उघड आहे. त्याला स्वतःचा स्वार्थ होता, आणि तो साधण्याइतके बळही होते. ताब्यातल्या माणसाशी आपण कसे वागतो याला राजकारणात बाजारभाव असतो, एवढे येथे ध्यानात ठेवून आपण कोरियाकडे जाऊ.

१९४५ च्या ऑगस्टमध्ये जपान शरण येणार हे दिसू लागले तेव्हा कोरियाच्या कोणत्या भागात जपान्यांनी रशियाला शरण जायचे आणि कोणत्या भागात अमेरिकेला, हे ठरवायचे होते. वॉशिंग्टनमध्ये दोन तरुण अधिकाऱ्यांनी रात्री नकाशा समोर घेतला आणि अडतिसाव्या अक्षांशावर बोट ठेवले. एकाही कोरियन माणसाला विचारले नव्हते. ती सोय तात्पुरती होती. परंतु दोन महासत्तांनी आपापल्या बाजूला आपापले राज्य उभे केले आणि सोयीची सरहद्द झाली. २५ जून १९५० रोजी उत्तरेची फौज ही रेघ ओलांडून दक्षिणेत शिरली.

भारताने त्या वेळी काय केले हे पाहण्यासारखे आहे, कारण ‘अलिप्तता’ म्हणजे कुंपणावर बसणे असा समज आजही आढळतो. सुरक्षा समितीत उत्तर कोरियाच्या आक्रमणाविरुद्धच्या पहिल्या ठरावाला भारताने पाठिंबा दिला. लढायला सैन्य पाठविले नाही, पण कर्नल रंगराज यांच्या हाताखाली साठावे पॅराशूट शुश्रूषा पथक पाठविले. नंतर राष्ट्रसंघाच्या फौजा उत्तरेकडे रेघ ओलांडण्याच्या बेतात आल्या तेव्हा पेकिंगमधील आपले राजदूत सरदार पणिक्कर यांना चौ एन-लाय यांनी ऑक्टोबरच्या आरंभी मध्यरात्री बोलावून सांगितले की, अमेरिकन सैन्य पलीकडे गेले तर चीन युद्धात पडेल. हा निरोप भारताने पोहोचविला. वॉशिंग्टनने तो धमकावणी समजून बाजूला ठेवला. चीन युद्धात पडला. पुढे फेब्रुवारी १९५१ मध्ये चीनला आक्रमक ठरविणारा ठराव आला त्याच्या विरुद्ध भारताने मत दिले. म्हणजे एका वर्षाच्या आत आपण दोन्ही बाजूंच्या शिव्या खाल्ल्या होत्या. पुढील कामाला ही एक प्रकारची पात्रताच म्हणावयाची.

जुलै १९५१ मध्ये तहाची बोलणी सुरू झाली. रेघ कुठे असावी हे त्यामानाने लवकर ठरले. बोलणी अडली ती कैद्यांवर, आणि केवळ त्या एका मुद्द्यावर युद्ध आणखी वर्षाहून अधिक लांबले. ह्या मुद्द्याला थोडा वेळ दिला पाहिजे, कारण येथे दोन्ही पक्षांपाशी न्याय होता, आणि असे भांडण सोडविणे सर्वांत अवघड.

१९४९ च्या जिनीव्हा कराराचे ११८ वे कलम सांगते की, लढाई थांबताच युद्धकैद्यांना विनाविलंब मुक्त करून मायदेशी पाठवावे. चीन आणि उत्तर कोरिया म्हणाले, कलम स्पष्ट आहे, आमची माणसे आम्हांला द्या. राष्ट्रसंघाची बाजू, म्हणजे मुख्यतः अमेरिका, म्हणाली की, कैद्यांपैकी पुष्कळांना परत जायचेच नाही. त्यांना जबरदस्तीने ढकलणे माणुसकीला धरून नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर रशियाकडे जबरीने परत पाठविलेल्या लोकांचे काय झाले याची आठवण त्या वेळी ताजी होती. १९५२ च्या वसंतात चाचपणी झाली तेव्हा सुमारे एक लाख सत्तर हजार कैदी व नजरबंद यांपैकी जेमतेम सत्तर हजार परत जायला तयार आहेत असा आकडा आला. चीनला हा आकडा अपमान वाटला, आणि तो निर्भेळ होता असेही नाही. छावण्यांच्या आत कैद्यांच्या टोळ्यांचे राज्य होते. कम्युनिस्टविरोधी टोळ्यांनी माणसांच्या अंगावर घोषणा गोंदविल्या होत्या, म्हणजे मायदेशी जायची वाटच बंद. दुसऱ्या कुंपणात कम्युनिस्ट टोळ्या ‘फितुरांना’ मारीत होत्या. अशा ठिकाणी ‘तुझी इच्छा काय?’ ह्या प्रश्नाला मिळालेले उत्तर कोणाचे मानायचे?

भारताने १९५२ च्या नोव्हेंबरात राष्ट्रसंघात ह्यावर तोड सुचविली. मसुदा कृष्ण मेनन यांचा. कैद्यांवर कोणत्याही दिशेने जबरी करू नये. त्यांना तटस्थ राष्ट्रांच्या मंडळाच्या हवाली करावे. तेथे प्रत्येकाने मोकळेपणाने ठरवावे. रशियाचे व्हिशिन्स्की ह्या ठरावावर तुटून पडले. अमेरिकेलाही मसुदा प्रथम पसंत नव्हता. ३ डिसेंबरला तो ५४ विरुद्ध ५ मतांनी संमत झाला आणि चीनने तो फेटाळला. गोष्ट तेथेच संपायची. पण ५ मार्च १९५३ रोजी स्टालिन वारले, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस चौ एन-लाय यांनी जवळजवळ त्याच धर्तीची योजना मान्य असल्याचे जाहीर केले. शहाणपणाची सूचना चार महिने टेबलावर पडून राहिली ती कोणी उचलून फेकली नाही म्हणून उपयोगी पडली. राजनीतीत पुष्कळदा एवढेच करता येते.

८ जून १९५३ रोजी कैद्यांविषयीचा करार झाला. दहाच दिवसांनी दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन ऱ्ही यांनी सुमारे सत्तावीस हजार उत्तर कोरियन कैद्यांना रातोरात छावण्यांची दारे उघडून सोडून दिले. करार मोडला असता, पण दोन्ही बाजू थकल्या होत्या. २७ जुलैला पानमुनजोम येथे दोन्ही पक्षांचे मुख्य प्रतिनिधी आले, दहा-बारा मिनिटांत कागदांवर सह्या केल्या, आणि एकमेकांशी एक शब्द न बोलता निघून गेले. ज्यांना परत जायचे होते त्यांची अदलाबदल ऑगस्ट-सप्टेंबरात झाली. उत्तरेकडे ७५,८२३ गेले, दक्षिणेकडे १२,७७३ आले. उरले ते ‘नाही जात’ म्हणणारे, आणि ते भारताच्या पदरात पडले.

तटस्थ राष्ट्रांच्या मंडळात पाच देश होते. स्वीडन व स्वित्झर्लंड एका पक्षाने सुचविलेले, पोलंड व चेकोस्लोव्हाकिया दुसऱ्या पक्षाने. थोडक्यात, चार तटस्थांपैकी दोन ह्याचे तटस्थ आणि दोन त्याचे. पाचवा भारत. भारत ह्या मंडळाचा अध्यक्ष, भारतच पंच, आणि कैद्यांची प्रत्यक्ष राखण करण्यासाठी सैन्य पुरविणाराही भारतच. दुसऱ्या कोणाचे सैन्य नको असे ठरले होते. अध्यक्षस्थानी होते कूर्गचे लेफ्टनंट जनरल थिमय्या. राखणदार सैन्याचे प्रमुख शंकरराव थोरात.

थोरात कोल्हापूरकडचे, १९०६ साली जन्मलेले, सँडहर्स्टला शिकलेले. १९४५ च्या जानेवारी-फेब्रुवारीत ब्रह्मदेशात आराकान किनाऱ्यावर कांगॉ येथे जपान्यांशी जी घनघोर लढाई झाली तिच्यात एका ब्रिगेडच्या तिन्ही पलटणींचे नायक हिंदी होते: थिमय्या, थोरात आणि एल. पी. सेन. तिघांनाही डी.एस.ओ. मिळाला. कोरियात पहारा देणाऱ्या ह्या दोघांना लढाई म्हणजे काय हे पुस्तकातून शिकायचे नव्हते. युद्ध जाणणारी माणसे शांततेच्या कामावर पाठवावी की नाही, यावर आमच्याकडे निष्कारण वाद होतो. आमच्या मते त्यांनाच पाठवावे, कारण बंदूक कधी वापरू नये हे त्यांना अधिक नेमके कळते.

सुमारे सहा हजार हिंदी सैनिक जहाजांनी इंचॉनला पोहोचले, तो ऱ्ही यांनी बजावले की, ह्या लोकांनी दक्षिण कोरियाच्या भूमीवर पाय ठेवला तर आम्ही गोळ्या घालू. म्हणून अमेरिकेने त्यांना समुद्रावरूनच हेलिकॉप्टरांत बसवून, एकेका फेरीत मोजकी माणसे अशा हिशोबाने, दोन सैन्यांमधल्या मोकळ्या पट्ट्यात नेऊन उतरविले. सहा हजार माणसे अशी नेण्यास किती फेऱ्या झाल्या असतील ते आपणच करा. जमिनीला पाय न लावता शांततासैन्य नेण्याचा हा प्रसंग इतिहासात बहुधा पहिलाच. त्या पट्ट्यात आपल्या जवानांनी तळ दिला आणि त्याला ‘हिंदनगर’ असे नाव पडले. योगायोग असा की, त्याच सप्टेंबरात राष्ट्रसंघाच्या आमसभेच्या अध्यक्षपदी विजयालक्ष्मी पंडित निवडून आल्या. पण न्यूयॉर्कचे व्यासपीठ आणि हिंदनगरची कुंपणे यांत अंतर फार होते.

२४ सप्टेंबरपर्यंत दक्षिणेकडून २२,६०४ कैदी ताब्यात आले: १४,७०४ चिनी आणि ७,९०० उत्तर कोरियन. उत्तरेकडून ३५९ आले. त्यांत ३३५ दक्षिण कोरियन, २३ अमेरिकन आणि एक इंग्रज. ह्या चोवीस पाश्चात्त्य माणसांनी अमेरिकेत केवढी खळबळ उडविली, आणि बावीस हजार पिवळ्या माणसांविषयी तेथे किती थोडे छापून आले, हे त्या वेळची वर्तमानपत्रे चाळली म्हणजे दिसते.

आता थोरातांपुढचा प्रश्न पाहा. सव्वा वर्षापूर्वी, ७ मे १९५२ रोजी, कोजे बेटावरच्या छावणीत कैद्यांनी अमेरिकन कमांडर ब्रिगेडियर जनरल डॉड यांनाच फाटकातून आत ओढून ओलीस धरले होते. तीन दिवस महासत्तेचा सेनापती आपल्याच कैद्यांचा कैदी! त्यांना सोडविण्यासाठी अपमानास्पद कागदावर सही करून द्यावी लागली, आणि पुढच्या महिन्यात रणगाडे आणून ती छावणी मोडावी लागली. जगातल्या प्रत्येक सैनिकाला ही गोष्ट ठाऊक होती. हिंदनगरच्या कैद्यांना तर ती होतीच.

२५ सप्टेंबरला तसाच प्रसंग आला. ताबा घेऊन पुरते दोन दिवस झाले नव्हते. एका चिनी कैद्याने मायदेशी जाण्यासाठी कुंपण ओलांडले, आणि त्या कुंपणातले बाकीचे खवळले. एक हिंदी मेजर त्यांच्या तावडीत सापडला. बाहेर सशस्त्र पहारा होता; हुकूम दिला असता तर गोळी चालली असती, आणि ती चालल्यावर मेजर जिवंत बाहेर आला नसता हेही नक्की. थोरात थोडे अधिकारी घेऊन, शस्त्राशिवाय, त्या कुंपणात गेले. आरडाओरडा करणाऱ्या शेकडो माणसांच्या मध्ये उभे राहून त्यांनी बोलणे लावून धरले, चढलेला आवाज उतरू दिला, आणि मेजरला घेऊन बाहेर आले. कागदावर सही नाही, गोळी नाही, रणगाडा नाही. ह्या कामगिरीसाठी त्यांना अशोकचक्र, वर्ग दुसरा, हा मान मिळाला. त्यालाच पुढे कीर्तिचक्र हे नाव आले.

सगळे असेच गोड झाले असे सांगणे खोटे होईल. १ आणि २ ऑक्टोबरला कैद्यांनी हल्ला केल्यावर पहारेकऱ्यांना गोळी झाडावी लागली आणि तीन कैदी ठार झाले. कुंपणांच्या आत खून झाले. दक्षिण कोरियाचे आणि फोर्मोसाचे हस्तक टोळ्यांचे दोर ओढीत होते. कुंपणाच्या आतला खरा अंमल हिंदी सैन्याचा नव्हता, टोळीनायकांचा होता. तो मोडायचा तर हजारोंनी माणसे मारावी लागली असती. थिमय्या आणि थोरात यांनी तो मोडला नाही. टीकाकारांचा मुख्य आक्षेप हाच आहे आणि तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही.

करारात असे होते की, नव्वद दिवसांत मायदेशाच्या प्रतिनिधींनी येऊन कैद्यांची समजूत घालावी. त्यासाठी तंबू उभारले. कैदी एकेकटा आत येई. समोर टेबलामागे त्याच्या देशाचा अधिकारी, बाजूला पाच तटस्थांचे प्रतिनिधी. बोलणे झाले की कैद्याने दोन दारांपैकी एक निवडायचे. एक दार घरी जाणारे, दुसरे न जाणारे. कल्पना सुरेख होती. प्रत्यक्षात काही कैदी आत येताच शिव्या देत आणि खुर्च्या फेकीत, तर समजूत घालणारे एकेका माणसाला तास-तास सोडीत नसत. समजावणी १५ ऑक्टोबरला सुरू झाली. मग टोळीनायकांनी माणसे बाहेर सोडायचे नाकारले. मग चिनी पक्षाने, आम्ही सांगू तेच कुंपण आधी, असा हट्ट धरला. नव्वद दिवसांपैकी समजावणीचे दिवस भरले अवघे दहा.

पोलंड व चेकोस्लोव्हाकिया म्हणाले, कैद्यांना जबरीने बाहेर काढून तंबूत आणा. स्वित्झर्लंड व स्वीडन म्हणाले, एका माणसावर जरी बळ वापरलेत तरी आम्ही मंडळ सोडून जातो. दोन-दोन मते झाली. निर्णय पंचाच्या हाती. पंच म्हणून भारताला वाटत होते की, कैद्याने समजावणी ऐकलीच पाहिजे, करार तसेच सांगतो. राखणदार म्हणून भारताला ठाऊक होते की, ऐकायला लावण्याची किंमत प्रेतांत मोजावी लागेल. पंच आणि राखणदार ही कामे एका अंगावर घेतली की घोटाळा होतो असे आम्ही आरंभी म्हटले ते ह्यासाठी. भारताने राखणदाराचे ऐकले. सगळ्या मंडळाची संमती असल्याशिवाय बळ वापरणार नाही असे सांगितले, आणि ती संमती कधी झाली नाही.

२३ डिसेंबरला समजावणीची मुदत संपली. उरलेल्या कैद्यांचे काय करायचे हे एका राजकीय परिषदेने ठरवायचे होते. ती परिषद भरलीच नाही. आता थिमय्यांपुढे दोन वाटा होत्या. कैद्यांना स्वतःच मुक्त करावे, तर चिनी पक्षाचा न्याय बुडतो. परिषदेची वाट पाहत डांबून ठेवावे, तर मुदतीचा करार मोडतो आणि सहा हजारांच्या पहाऱ्यावर बावीस हजार माणसे तुटून पडतात. त्यांनी तिसरी वाट काढली. जानेवारीच्या मध्यावर दोन्ही पक्षांना पत्र गेले: ज्याने ज्याचे कैदी आमच्या हवाली केले त्याने ते २० जानेवारीपासून परत घ्यावे; आमचा अधिकार राखणीचा आहे, निवाड्याचा नाही; आणि प्रक्रिया पुरी न करता त्यांना कैदी नव्हेत असे ठरविणे आमच्या मते कराराला सोडून होईल. दोन्ही पक्षांनी निषेध केला. अमेरिकन बाजूला पत्राचा शेवटचा भाग टोचला, चिनी बाजूला पहिला. उत्तरेकडच्या पक्षाने आपले ३४७ परत घ्यायलाही आधी नकार दिला. दक्षिणेकडचे मात्र २० जानेवारीला रांगांनी निघाले, आणि २३ तारखेला ते नागरिक असल्याचे जाहीर झाले. चौदा हजारांवर चिनी फोर्मोसाला गेले; तेथे तो दिवस ‘स्वातंत्र्यदिन’ म्हणून पाळला जाऊ लागला.

हिशोब असा लागला. दक्षिणेच्या २२,६०४ पैकी मायदेशी गेले ६२८, पळाले वा बेपत्ता झाले १३, मेले ३८, परत केले २१,८३९, आणि कुठल्याही बाजूला न जाता भारतात आले ८६. उत्तरेच्या ३५९ पैकी परतले १०, भारतात आले २, बाकी ३४७. बेरीज करून पाहा, एकही माणूस हिशोबाबाहेर नाही. आम्हांला विचाराल तर संबंध प्रकरणात हा आकड्यांचा तक्ता सर्वांत बोलका आहे. त्याच्या आधीच्या वर्षात एका रात्रीत सत्तावीस हजार माणसे हिशोबाबाहेर गेली होती.

मग भारताने हे काम जिंकले की गमावले? पंचाचे काम फसले हे कबूल केले पाहिजे. बहुसंख्य कैद्यांनी समजावणी ऐकलीच नाही; त्यांतले किती जण टोळीच्या भीतीने गप्प बसले हे आता कोणी सांगू शकणार नाही, आणि चीनची तक्रार तेवढ्यापुरती खरी होती. परंतु राखणदाराचे काम तडीस गेले. ज्या प्रश्नावर वर्षभर तोफा चालल्या तो प्रश्न महासत्तांच्या हातून काढून एकशेवीस दिवस तिसऱ्याच्या हाती ठेवला, तेवढ्यात तो थंड झाला, आणि युद्ध पुन्हा पेटले नाही. कैदी परत पाठविणे हे ह्या योजनेचे घोषित काम होते. दोन्ही महासत्तांना तोंड लपवायला आडोसा देणे हे तिचे खरे काम होते असे आम्ही मानतो. असा आडोसा देणाऱ्याला दोन्हीकडून बोल खावे लागतात. ऱ्ही यांनी भारताला कम्युनिस्टांचे बगलबच्चे म्हणायचे आणि पेकिंगने अमेरिकेचे हस्तक म्हणायचे, हे कामाचेच अंग होते.

येथे एक गोष्ट ह्या गावापुरती बोलल्याशिवाय राहवत नाही. हरसूलच्या बाजारपेठेने जुलै २०१५ मध्ये जाळपोळ पाहिली, पोलिसांचा गोळीबार पाहिला, संचारबंदी पाहिली. चूक कोणाची हा आजचा विषय नव्हे, आणि आम्ही येथे पंच म्हणून आलेलो नाही. परंतु दोन जमाव समोरासमोर उभे राहतात त्या घटकेला, दोन्ही बाजूंना तोंडओळखीचा असलेला, हातात काही नसलेला माणूस पुढे येतो की नाही यावर किती दुकाने वाचतात, हे येथल्या वडीलधाऱ्यांना कोरियाच्या कथेवाचून ठाऊक आहे. थोरात त्या कुंपणात गेले तेव्हा त्यांच्यामागे राष्ट्रसंघाचा ठराव होता, पण आतल्या माणसांना ठरावाचे काय! त्यांनी समोरचा माणूस पाहिला.

जे अठ्ठ्याऐंशी जण भारतात आले त्यांची कथा थोडक्यात सांगून विषय आवरता घेऊ. त्यांत बहुतेक कोरियन, थोडे चिनी. त्यांना न उत्तर हवी होती न दक्षिण, न पेकिंग न फोर्मोसा. १९५४ च्या फेब्रुवारीत हिंदी सैन्याबरोबर ते जहाजाने निघाले. पुढे पुष्कळ जण ब्राझील व अर्जेंटिनाला जाऊन वसले, काही येथेच राहिले. कोरियन लेखक चोई इन-हून यांनी १९६० साली ‘ग्वांगजांग’, म्हणजे ‘चौक’, ही कादंबरी लिहिली. तिचा नायक असाच भारताकडे जहाजातून निघालेला कैदी आहे, आणि तो किनाऱ्याला पोहोचत नाही. कोरियात ती आजही वाचली जाते. ज्या देशाकडे तो निघाला होता त्या देशात ती फार थोड्यांना माहीत आहे.

आणि ह्या कथेतली आपली माणसे? ज्या चीनला त्याचा न्याय मिळावा म्हणून आपण खपलो त्या चीनशी १९६२ मध्ये आपले युद्ध झाले. त्याआधी पूर्व विभागाचे सेनापती असताना थोरातांनी ईशान्य सरहद्दीच्या संरक्षणाचा आराखडा दिला होता आणि मार्च १९६० मध्ये लखनौला ‘लाल किल्ला’ नावाचा युद्धसराव घेऊन, आहे त्या बळावर सरहद्द टिकणार नाही, हे दाखविले होते. तेव्हा संरक्षणमंत्री होते कृष्ण मेनन, कोरियाच्या ठरावाचे कर्तेच. त्यांनी तो इशारा मनावर घेतला नाही. हिंदनगरचा पहारा दिला म्हणून थोरात चीनविषयी भोळे झाले नव्हते. शांततेचे काम केलेला माणूस सरहद्दीवर झोपतो ही समजूत निदान त्यांच्याबाबतीत तरी खोटी ठरते. १९६१ साली ते निवृत्त झाले, पुढे महाराष्ट्र लोकसेवा आयोगाचे अध्यक्ष झाले, आणि १९९२ साली वारले. थिमय्या सेनापतिपदावरून उतरल्यावर पुन्हा एकदा राष्ट्रसंघाच्या कामावर गेले, ते सायप्रसला, ग्रीक आणि तुर्क यांच्यामध्ये पहारा देणाऱ्या फौजेचे प्रमुख म्हणून. तेथेच १८ डिसेंबर १९६५ रोजी कामावर असताना त्यांचे निधन झाले.